पाखंड्याला पहिला चहा

शनिवारी दुपारी तीन वाजता शांतवन मास्तर खोलीत शिरले की छत्री कोपऱ्यात उभी करायचे, टोपी खुंटीला लावायचे आणि आम्हा आठ-नऊ जणांकडे चष्म्यावरून बघत विचारायचे, “आज पाखंडी कोण हाय?” ज्याची पाळी असेल तो हात वर करी. मग मास्तर स्वतः उठून किटलीतला पहिला चहा त्याला देत. आम्हाला नंतर. पाखंड्याला आधी का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “त्याला लई बोलायचं आसतंय, घसा वला पायजे. आणि दुसरं म्हंजे, सोळाशे वर्सांत त्याला कुणी चहा इचारला न्हाय गं.”

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात पाखंडी म्हणजे नास्तिक नव्हे. देव मानणारा, प्रार्थना करणारा, पण मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मतापेक्षा वेगळं काहीतरी धरून बसलेला आणि म्हणून सभा भरवून बाहेर काढलेला माणूस. ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या चार-पाचशे वर्षांत असे पुष्कळ होऊन गेले. साठीचं दशक संपता संपता कोल्हापुरात, आमच्या देवळामागच्या कौलारू खोलीत, आम्ही त्यांना एकेक करून भेटत होतो. वर्ग होता हौशी उपदेशकांसाठी. मी नुकतीच मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. वर्गात एकटीच बाई होते आणि स्वतःला जरा शहाणी समजत होते. जरा नव्हे, बरीच.

मास्तर तसे खरे मास्तर नव्हतेच. ते एका दवाखान्यात कंपाउंडर होते. मोठ्या बाटल्यांतून लहान बाटल्यांत मिक्श्चर ओतायचं, कागदाच्या पट्टीला कात्रीनं खाचा पाडून ती डोसाची खूण म्हणून बाटलीला चिकटवायची, हे त्यांचं जन्माचं काम. इंग्रजी ते शिकले औषधांच्या लेबलांवरून. एक गोरे साहेब मायदेशी परत जाताना मंडळीच्या इतिहासाचे जाडजूड इंग्रजी ग्रंथ दवाखान्याच्या कपाटात टाकून गेले. कुणी हात लावीना. मास्तरांनी डिक्शनरी घेतली आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वाचायला बसले. सगळे ग्रंथ संपायला अकरा वर्षं लागली. टिपणं काढली ती दवाखान्याच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर. त्यामुळे एका बाजूला कुणाचा खोकला आणि दुसऱ्या बाजूला अरियस नावाचा पाखंडी, असा सगळा संसार होता. त्यांच्या बायको सगुणामामी म्हणायच्या, “ह्यास्नी जित्या माणसाचं भांडान नगं वाटतंय. मेल्यालं पायजे, आणि त्येबी हजार वर्सं झाल्यालं.”

औषधाच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे धर्मशास्त्रही ते त्याच मापानं मोजत. “पाखंड म्हंजे खोटं औषध न्हवं,” ते म्हणायचे. “औषध खरंच आसतंय. फकस्त माप चुकल्यालं. एकच खरं घ्याचं आणि त्येच सकाळ-दुपार-संध्याकाळ प्याचं. मग माणूस आजारी पडतोय, आणि बाटलीवर खाचा पाडायची अक्कल आमास्नी मागनं येती.” आम्हाला हे ऐकून मजा वाटे. पुढे मी धर्मशास्त्राची बरीच पुस्तकं वाचली, पण इतकं सोपं करून कुणी सांगितलं नाही.

वर्गाचा नियम कडक होता. पाळी असलेल्यानं आठवडाभर अभ्यास करून त्या पाखंड्याची बाजू घ्यायची, ती इतकी मनापासून की आम्हाला पाव तास तरी उत्तर सुचता कामा नये. कुणी थट्टेवारी नेलं तर मास्तर चहा काढून घेत. खरंच घेत. एकाच्या ओठाला लागलेला कप त्यांनी मागे घेतलेला मी पाहिला आहे. आणि उत्तर देणाऱ्यावर तर जास्तच जाच. “पैलं त्याचं सांग,” मास्तर दरडावायचे. “असं सांग की तो म्हणला पायजे, व्हय, ह्ये माझंच हाय, माझ्यापरास बरं सांगितलंस. मग तुझं सांग. त्याच्या आधी तोंड उघडू नगंस.” हे किती अवघड असतं ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

मार्कियोनवर ते फार खूष होते. या गृहस्थानं बायबलातला जुना करार फेकून दिला, नव्या करारातलंही निम्मं कापलं, आणि उरलं त्याची यादी केली की एवढंच खरं शास्त्र. मास्तर सांगायचे, “तवर मंडळी निवांत हुती. ह्या गावात ह्ये पत्र वाचत्यात, त्या गावात त्ये वाचत्यात, चाललंय. मार्कियोनची यादी आली आणि सगळी खडबडून जागी झाली. अरं, ह्याच्याकडं यादी हाय, आपली कुटं हाय? आज तुझ्या हातातलं पुस्तक एवढं जाड हाय, त्ये ह्या कात्रीवाल्यामुळं.” तसंच ख्रिस्ताचं शरीर हा नुसता भास होता म्हणणाऱ्यांचं. आम्ही दर रविवारी विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, म्हणतो, जन्मला, दुःख सोसलं, मेला, पुरला. ही क्रियापदं कुणी शोभेसाठी घातलेली नाहीत, ती त्या भासवाल्यांच्या तोंडावर एकेक करून ठोकलेली आहेत, हे मला मास्तरांनी सांगितलं. त्यानंतर ते वाक्य मला पाठांतरासारखं कधी म्हणता आलं नाही.

वर्गात योहान सातपुते म्हणून नेसरीकडचे एक जण होते. आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, प्राथमिक शिक्षक, घरी एक तान्ही मुलगी. माणूस भोळा आणि गळा सोन्यासारखा. त्यांच्या पाळीला आला अरियस, पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा पित्याच्या बरोबरीचा नाही, तो घडवलेला आहे, एक वेळ अशी होती की तो नव्हताच, असं म्हणणारा. अरियस आपलं मत गाण्यांतून गोदीतल्या हमालांना शिकवायचा असं मास्तरांनी ओघात सांगितलं होतं. झालं. योहान दिमडी आणि टाळ घेऊनच आले आणि ‘होता काळ असा, पुत्र नव्हता’ असं ध्रुपद धरून त्यांनी अरियसाचं अख्खं पाखंड भजनात म्हटलं. चाल इतकी गोड होती की आम्ही टाळ्या धरल्या. उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

पुढचं कुणाच्याच हातात राहिलं नाही. चाल वर्गातून अंगणात गेली, अंगणातून बायकांच्या प्रार्थनासभेत. दोन महिन्यांनी मंडळीतल्या एका पंचाच्या लक्षात आलं, की आपल्या घरी सासूबाई तांदूळ निवडत निवडत चक्क निषिद्ध मत गाताहेत. म्हातारीला विचारलं तर म्हणाली, “लई गोड गाणं हाय, देवाचंच हाय की.” पंच संतापले. मास्तरांना पंचांपुढे बोलावलं. वर्ग बंद करा, हा माणूस पाखंड शिकवतो, अशी तक्रार. मास्तरांनी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि म्हणाले, “चूक माझीच हाय. औषध दिलं, उतारा द्याचा राहिला.” त्यांनी योहानना घरी बसवून घेतलं आणि त्याच चालीवर दुसरं पद रचायला लावलं: दिव्यानं दिवा लाविला, पहिला उणा नाही झाला. म्हणजे पुत्र पित्यापासूनच, पण त्याच्या बरोबरीचा. पुढल्या रविवारी देवळात सगळ्यांनी तेच म्हटलं. आमच्या मंडळीत ते पद आजही म्हणतात. त्याची चाल एका पाखंड्यासाठी बांधलेली आहे हे आता दोघा-तिघांनाच माहीत असेल. मास्तर मात्र हसून म्हणायचे, “आपलं निम्मं शुद्ध मत आसंच हाय गं. चाल त्यांची, शब्द आपलं.”

माझ्या पाळीला दोनातुस आला, आणि तो वाईट वेळेला आला.

आमच्या घरात त्याच जूनमध्ये एक गोष्ट घडली होती. माझा धाकटा भाऊ दिनकर मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी पास झाला. त्याला इंजिनियर व्हायचं होतं. सवलतीची जागा मिळण्यासारखी होती, पण आम्ही ख्रिस्ती. धर्म बदलला की आमच्या लोकांची ती सवलत जात असे. कचेरीतला कारकून चांगला होता. तो आप्पांना, आमच्या वडिलांना, म्हणाला, अर्जावर हिंदू लिहा आणि पुढं तुमची जुनी जात लिहा, कोण बघतंय. सगळे लिहितात. आप्पा एका बंगल्यावर माळी होते. त्यांनी अर्ज परत घेतला आणि म्हणाले, “ज्याचं नाव घिऊन जेवतोय, त्याचं नाव खोडून पोराला शिकवू व्हय?” दिनकर त्या वर्षी कुठेच गेला नाही. पुढे एस.टी.त कंडक्टर म्हणून लागला. आप्पांनी मोठं काम केलं असं मी मानत होते, आणि त्याच वेळी रात्री उशीत तोंड घालून रडत होते.

अशा वेळी मी दोनातुसाची बाजू मांडायला उभी राहिले. रोमी सरकारचा हुकूम सुटला होता की शास्त्राची पुस्तकं आणून द्या, आम्ही जाळणार. काहींनी दिली नाहीत आणि ते मेले. काही धर्मगुरूंनी दिली आणि ते जगले. छळ संपल्यावर ही जगलेली माणसं पुन्हा वेदीपाशी येऊन उभी राहिली. तेव्हा दोनातुसाची आफ्रिकेतली माणसं म्हणाली, नाही. ज्या हातांनी पुस्तक आगीत दिलं त्या हातांचा बाप्तिस्मा आम्हाला चालणार नाही. तो बाप्तिस्माच नव्हे. मी हे सांगत होते आणि डोळ्यांपुढे आप्पांचे मातीनं भरलेले हात होते. पाव तास झाला, अर्धा झाला. योहान खाली बघत होते. मास्तर म्हणाले, “उत्तर हाय. पण आज न्हाय देणार. आज तिला चहा घिऊ द्या.”

उत्तर त्यांनी पुढच्या शनिवारी दिलं. सुरुवात माझ्या बाजूनं, नियमाप्रमाणे. “दोनातुसाची माणसं वाईट न्हवती,” ते म्हणाले. “त्यांच्या घरातली माणसं मेल्याली हुती. मेल्याल्या माणसाची किंमत कुणीतरी द्यावी आसं त्यांना वाटत हुतं, आणि त्यात काय चूक हाय?” मग खिडकीतून बाहेरच्या नळाकडे बोट दाखवून म्हणाले, “पर सुमती, पाणी कळंब्याच्या तलावाचं हाय. नळ गंजका आसंना, वाकडा आसंना. पाणी नळाचं न्हवंच. देणारा दुसराच हाय ह्ये मंडळीनं छातीवर हात ठिऊन कवा सांगितलं? दोनातुसानं भांडान काढलं तवा. त्यो नसता तर आपुन अजून पाळकाचं हात तपासत बसलो असतो.” मला पटलं नाही. जाता जाता त्यांनी एक पुस्ती जोडली. दोनातुसाच्या लोकांशी वाद जिंकल्यावर मंडळीनं त्यांच्यावर सरकारी शिपाई घातले. “जिकलेला माणूस शिपाई बोलावतोय तवा समजायचं, तिथनं पुढं तोच हरला.”

वर्ग पुढे तीन-चार वर्षं चालला आणि मग माणसं पांगली, तसा बंद पडला. योहान धर्मशिक्षण घेऊन आमच्याच मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, झाले. माझं लग्न त्यांनीच लावलं. लग्नात माझ्या नवऱ्याला मास्तर म्हणाले, “पावणं, हिच्याशी वाद घालू नगा. पैलं तिचं तिला सांगा, मग तुमचं म्हणणं सांगायची पाळीच यायची न्हाय.” आप्पा त्यानंतर वर्षाच्या आत गेले. मास्तर निवृत्त झाले तरी दुपारी दवाखान्याच्या कट्ट्यावर बसलेले दिसत, कुणाच्या बाटलीवरची पट्टी नीट लागली आहे का ते बघत.

ऐंशीचं दशक अर्धं उलटल्यावर गोष्ट उघडकीला आली. योहान पाळकांची मुलगी करुणा मेडिकल कॉलेजात गेली होती. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. दोन वर्षांनी कुठून तरी कळलं की तिच्या अर्जावर पाळकांनी हिंदू लिहिलं आहे, आणि पुढं आमची सगळ्यांची ती जुनी जात. पाळकांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. एवढंच म्हणाले, “माजी पोर हुशार हाय. मला दुसरं काय सुचलं न्हाय.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तेव्हा मी मंडळीची चिटणीस होते. ठराव मीच लिहिला. एक, पाळकांना काढावं. दोन, अर्जावर सही केल्यापासून त्यांनी दिलेले सगळे बाप्तिस्मे रद्द समजून पुन्हा द्यावेत. त्यात माझ्या धाकट्या मुलीचाही बाप्तिस्मा होता. नवरा म्हणाला, “अगं, आपलं लेकरू हाय, त्याचा काय गुन्हा?” मी म्हटलं, आपल्या लेकरापासूनच सुरुवात करायची. मला वाटत होतं मी देवासाठी भांडते आहे. आप्पांनी जे केलं त्याला काहीतरी किंमत आहे हे कुणीतरी कागदावर लिहून द्यावं, एवढंच मला हवं होतं. हे आता सांगता येतं.

सभा उपासनेनंतर देवळातच भरली. बाकं भरून माणसं दारात उभी होती. पाळक पहिल्या बाकावर, हात मांडीवर ठेवून. मी ठराव वाचला. चांगला लिहिला होता, मास्तरांच्या वर्गात शिकलेली मी. बऱ्याच माना डोलल्या. मग मागच्या बाकावरून मास्तर काठी टेकत पुढे आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, जाड भिंगाचा चष्मा. ते माझ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि माझी बाजू मांडायला लागले.

मी लिहिलं नव्हतं तेही ते बोलले. आप्पांनी कचेरीतून परत आणलेला अर्ज. त्या जूनमधलं आमचं घर. “एक पोरगं इंजिनियर व्हायचं, त्ये तिकिटं फाडतंय,” ते म्हणाले. “बापानं येशूचं नाव ठेवलं, पोराचं नशीब दिलं. आणि आता जो म्हणतोय दोन्ही पायजे, नावबी पायजे आणि जागाबी पायजे, त्याच्या हातनं प्रभूची भाकरी घ्यायची व्हय? तसं आसंल तर माळ्यानं दिलं त्ये फुकटच गेलं म्हणायचं.” मी डोळे पुसत होते. ते थांबले आणि मला विचारलं, “सुमती, ह्ये तुझंच हाय न्हवं?”

“होय मास्तर.”

“मग माझं ऐक. पाळकाला शिक्षा करा. ती करायलाच पायजे, त्येनंबी ती घ्यावी. पर बाप्तिस्मा त्येचा न्हवता, त्यो रद्द करायचा तुमास्नी हक न्हाय. आणि माळ्यानं दिलं त्ये त्येनं कुणाला दिलं? योहानाला दिलं न्हवतं, मंडळीला दिलं न्हवतं. ज्याला दिलं त्येच्याकडं त्ये पोचलंय. योहान घसरला म्हणून त्ये कमी हुईत न्हाय.”

कुणीतरी विचारलं, दिनकरचं म्हणणं काय आहे, तो कुठे आहे? त्या दिवशी तो चंदगडच्या गाडीवर ड्यूटीला होता. मी उठून ठणकावून म्हटलं, “त्याचं म्हणणं माझ्याहून वेगळं कसं असेल? सोसलं ते त्यानं.” मास्तर काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. मग चष्मा काढून उपरण्यानं पुसला आणि जागेवर जाऊन बसले.

ठरावाचा पहिला भाग मंजूर झाला, दुसरा थोडक्यात पडला. योहान त्याच आठवड्यात पाळकांचं घर सोडून भाड्याच्या खोलीत गेले. रविवारी शेवटच्या बाकावर बसत आणि गाणं सुरू झालं की ओठ हलवत, आवाज काढत नसत. मी मास्तरांशी बोलणं टाकलं. दोन वर्षं. त्यांनी माझ्या आप्पांचं नाव घेऊन मला हरवलं, असं मनात धरून बसले.

त्यांनी मात्र धरलं नाही. एकदा धाकटीला ताप आला होता, तर सगुणामामी दारात. “मी आत येत न्हाय बाई, मी आपली बाटली ठिऊन जातो,” म्हणाल्या. बाटलीवर कागदाची पट्टी होती, हातानं कापलेली, खाचा वाकड्यातिकड्या. बाजारात तयार औषधं मिळत असताना त्या म्हाताऱ्यानं कुणाकडून तरी मिक्श्चर करून घेऊन पट्टी स्वतः लावली होती. मी बाटली ठेवून घेतली. निरोप पाठवला नाही. ही गोष्ट लिहिताना आजही मला माझी लाज वाटते.

तो अबोला तसाच असताना मास्तर एका फेब्रुवारीत गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायच्या आत संपलं. जाण्याआधी महिनाभर त्यांनी मामींना सांगून ठेवलं होतं की मला योहानानं मूठमाती द्यावी. पंचांनी ते मानलं नाही. काढून टाकलेल्या पाळकाला विधी चालवता येत नाही, नियम स्पष्ट होता, आणि तो लिहून ठेवणारी चिटणीस मीच होते. कागलच्या पाळकांना बोलावून घेतलं.

दफनभूमीकडे चालत जाताना दिनकर माझ्याबरोबर होता. ड्यूटी बदलून आला होता, अंगावर खाकीच. चालता चालता म्हणाला, “आक्का, तुला एक सांगायचं हाय. त्या सभेच्या आदल्या दिवशी मास्तर माझ्या गाडीत हुतं.”

“कुठे निघाले होते?”

“कुटंच न्हाय. कोल्हापूर ते चंदगड आणि परत. माझ्या शेजारच्या शिटावर बसून. सबंध दिवस गेला त्यांचा, त्या वयात. घाटात गाडी लागली त्यांना, दोनदा उतरवलं. त्यांना फकस्त माझं म्हणणं काय हाय त्ये इचारायचं हुतं. मला तवर कुणी इचारलंच न्हवतं. आप्पांनीबी न्हाय, तूबी न्हाय.”

मी चालत राहिले. मग विचारलं, “काय सांगितलंस तू?”

“खरं त्येच सांगितलं. म्हटलं, माझ्या हातात आसतं तर मी लिहिलं आसतं हिंदू. त्याच दिवशी. इंजिनियर झालो आसतो आणि देवाला मागनं समजावलं आसतं. आणि योहान पाळकांचा मला राग येत न्हाय, मला हेवा वाटतोय त्यांच्या पोरीचा.”

मी रस्त्यातच थांबले. मी म्हटलं, “मग सभेत का नाही बोलले? तेवढं एक वाक्य बोलले असते तर माझ्या तोंडाला कुलूप लागलं असतं.”

“मी म्हटलं की त्यांना, सांगा खुशाल माझं नाव घिऊन. तर म्हणलं, न्हाय. म्हणलं, तिनं बापाची एकच गोष्ट जपून ठेवल्या. ती चार लोकांत तिच्या हातनं काढून घिऊन मला जिकायचं न्हाय. तुला जवा वाटंल तवा तूच सांग, मी मेल्यावर सांगितलंस तरी चालंल.”

आम्ही पोचलो तेव्हा पेटी खाली सोडत होते. कागलच्या पाळकांनी वचन वाचलं, मातीला माती म्हटलं. सगळ्यांनी रांगेनं मूठमूठ माती टाकली. योहान आले नव्हते असं नाही. कुंपणाजवळ, चिंचेखाली उभे होते, टोपी हातात, अकाली म्हातारे झालेले. नियमाप्रमाणे आता फक्त शेवटची प्रार्थना राहिली होती आणि ती कोण म्हणणार ते माझ्या हातातल्या कागदावर लिहिलेलं होतं.

मी कागद कागलच्या पाळकांच्या हातात दिला आणि म्हटलं, जरा थांबा. मग कुंपणापर्यंत चालत गेले. मागे कुजबुज सुरू झाली ती मला ऐकू येत होती. योहानच्या समोर उभी राहिले. इतकी वर्षं वाद घालायला शिकले होते, पण हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं.

“पाळक,” मी म्हटलं, “चला. तुम्ही प्रार्थना म्हणा.”

त्यांनी मान हलवली. “बाई, मला परवानगी न्हाय.”

“मी चिटणीस आहे,” मी म्हटलं. “आणि माझी पोर तुमच्या हातचा बाप्तिस्मा घेतलेली आहे.”

ते खड्ड्याच्या कडेला येऊन उभे राहिले. पलीकडच्या बाजूला दिनकरनं टोपी काढली. योहान म्हणाले, “आपण प्रार्थना करू,” आणि मी डोळे मिटले.